‘आउट’ की ‘डाउन’? ग्लासगोच्या ठरावातील एका क्रियापदाचे प्रकरण

ग्लासगो येथील हवामान परिषद १२ नोव्हेंबर २०२१ रोजी संपायची होती. ती दुसऱ्या दिवशी, शनिवारी रात्रीपर्यंत लांबली. अखेरच्या खुल्या बैठकीत भारताचे पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी कोळशासंबंधीच्या परिच्छेदाचा बदललेला पाठ वाचून दाखवला. त्या दिवशी सकाळी वाटलेल्या मसुद्यात कोळशावरील वीजनिर्मितीबाबत ‘फेज आउट’ असा शब्दप्रयोग होता. त्याच्या जागी आता ‘फेज डाउन’ आला होता. स्वित्झर्लंडच्या मंत्री सिमोनेटा सोमारुगा यांनी उठून स्पष्ट नापसंती नोंदवली, मार्शल बेटे आणि फिजी यांच्या प्रतिनिधींनी खेद व्यक्त केला, परंतु दोन आठवड्यांच्या वाटाघाटींतून जुळवलेला सगळा ठराव या एका शब्दापायी मोडावा अशी कोणाचीच इच्छा नव्हती. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांनी हे सारे ज्या रीतीने घडले त्याबद्दल सभागृहाची माफी मागितली. बोलताना त्यांचा कंठ दाटून आला आणि क्षणभर ते थांबले. त्यानंतर बदललेल्या शब्दासह ठराव मंजूर झाला.

क्रियापद तेच राहिले, त्याला चिकटून येणारा छोटा शब्द तेवढा बदलला, आणि जवळजवळ दोनशे देशांच्या सभेत अध्यक्षाला माफी मागावी लागली. इंग्रजीतील जवळपास सारख्या दिसणाऱ्या क्रियापदांच्या अर्थच्छटा हा विषय आपल्याकडे बहुधा शाळेच्या व्याकरणाच्या तासात येतो आणि परीक्षेबरोबर संपतो. अशा छटेचे वजन किती असू शकते हे पाहण्यासाठी ग्लासगोइतके नेमके उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. भाषांतराचे काम करणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा बारकाईने उलगडून पाहावे असे मला मनापासून वाटते, कारण या प्रकरणातील खरी अडचण मराठीत आल्यावर आणखी वाढते.

‘फेज’ या क्रियापदाने फक्त रीत सांगितली जाते: काम एकदम करायचे नाही, टप्प्याटप्प्याने करायचे. ते काम शेवटी कोठे पोहोचायचे हे ‘फेज’ सांगत नाही. ते सांगण्याची जबाबदारी मागून येणाऱ्या शब्दावर असते. ‘इन’ आला तर गोष्ट हळूहळू वापरात आणायची असते, ‘आउट’ आला तर ती हळूहळू वापरातून पूर्णपणे जायची असते, आणि ‘डाउन’ आला तर तिचे प्रमाण उतरवायचे असते. रोजच्या व्यवहारातील जोडी घेऊन हे लगेच पटते. डॉक्टरांनी साखर ‘कट डाउन’ करायला सांगितली तर चहात दोन चमच्यांऐवजी एक चमचा चालतो. ‘कट आउट’ करायला सांगितली तर चहा बिनसाखरेचाच घ्यावा लागतो.

मात्र येथेच सावध राहायला हवे. ‘डाउन’ म्हणजे नेहमी अर्धवट आणि ‘आउट’ म्हणजे नेहमी पूर्ण, असा नियम पाठ करून ठेवला तर तो पहिल्याच वळणावर फसवतो. ‘शट डाउन’ आणि ‘क्लोज डाउन’ यांत कारखाना पूर्ण बंद होतो, थोडासा नाही. ‘बर्न डाउन’ झालेल्या घराचे काहीच उरत नाही. ‘वाइंड डाउन’ करीत आणलेली कंपनी सावकाश का होईना, पण शेवटी मिटतेच. म्हणजे ‘डाउन’च्या पोटात शून्याचा अर्थही वसतो. तेव्हा ‘फेज डाउन’ म्हणजे शून्यापर्यंत न जाणारी घट, हा अर्थ त्या शब्दांच्या घडणीतून आपोआप निघत नाही. तो वापराने ठरला आहे, आणि तो कोठे ठरला हे दाखवता येते.

ओझोनच्या थराचे रक्षण करण्यासाठी १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. शीतकपाटे, वातानुकूलन यंत्रे आणि फवाऱ्याचे डबे यांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंचे उत्पादन आणि वापर या कराराखाली पुढे ‘फेज आउट’ करण्याचे ठरले. तेथे हा शब्दप्रयोग तारखांशी बांधलेला होता. विकसित देशांसाठी १९९६ आणि विकसनशील देशांसाठी २०१० ही वर्षे ठरली, आणि आकडा शून्य होता. अपवादात्मक गरजेच्या वापराला तेवढी वेगळी सवलत होती. त्या वायूंच्या जागी पुढे आलेले हायड्रोफ्लुरोकार्बन वायू ओझोनला अपाय करीत नाहीत, परंतु वातावरण तापवण्यात ते फार प्रभावी ठरतात. म्हणून १५ ऑक्टोबर २०१६ रोजी रवांडातील किगाली येथे त्याच करारात दुरुस्ती झाली, आणि तिच्यात जाणूनबुजून ‘फेज डाउन’ हा वेगळा प्रयोग योजला गेला. किगाली दुरुस्तीत शेवटचा आकडा शून्य नाही. विकसित देशांनी २०३६ पर्यंत आपल्या आधारपातळीच्या, म्हणजे घट मोजण्यासाठी ठरवलेल्या सुरुवातीच्या प्रमाणाच्या, ८५ टक्के घट करायची आहे. भारत ज्या गटात आहे त्या गटाने २०४७ पर्यंत तितकीच घट करायची आहे. उरलेले १५ टक्के करारानुसार वैध राहतात. एकाच कराराच्या कुटुंबात, एकाच प्रकारच्या पदार्थांविषयी, दोन क्रियापदे दोन वेगळ्या शेवटांसाठी वापरली गेल्यामुळे मुत्सद्द्यांच्या इंग्रजीत त्यांच्यातील सीमारेषा पक्की झाली. ग्लासगोच्या सभागृहात बसलेल्या वाटाघाटकर्त्यांना ही रेषा चांगली ठाऊक होती.

‘फेज डाउन’ हा शब्द त्या शनिवारी भारताने घडवला, असा समज पुष्कळ ठिकाणी झाला. तो बरोबर नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेने बोलावलेल्या शिखर बैठकीत शी जिनपिंग यांनी चीनचा कोळशाचा वापर पंधराव्या पंचवार्षिक योजनेच्या (२०२६ ते २०३०) काळात उतरणीला लावण्याचे जाहीर केले होते, आणि त्यांच्या विधानाच्या इंग्रजी पाठात हेच क्रियापद होते. १० नोव्हेंबरला, म्हणजे परिषद संपण्याच्या तोंडावर, अमेरिका आणि चीन यांनी ग्लासगोतच संयुक्त निवेदन काढले, त्यातही चीनबाबत हाच प्रयोग आला. भारताने तो ठरावाच्या परिच्छेदात आणला आणि म्हणून भारताचे नाव त्याला चिकटले. शब्दाची कुळी पाहिली म्हणजे हेही दिसते की जगातील सर्वाधिक कोळसा जाळणारा देश आणि त्याच्याशी निवेदन करणारी अमेरिका या दोघांनीही तो आधीच स्वीकारलेला होता.

आता मसुद्यांकडे वळू, कारण माझ्या मते या प्रकरणाचा सर्वांत बोधक भाग तेथे आहे आणि त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले. १० नोव्हेंबरच्या पहिल्या मसुद्यात देशांना केलेले आवाहन सरळ होते: कोळसा आणि जीवाश्म इंधनांवरील अनुदाने ‘फेज आउट’ करण्याची गती वाढवा. १२ तारखेच्या मसुद्यात दोन विशेषणे शिरली. कोळशाच्या जागी ‘अनअबेटेड’ कोळसा-वीज आली, म्हणजे जिच्यातून निघणारा कर्बवायू अडवून साठवण्याची व्यवस्था नाही अशी वीज. आणि अनुदानांच्या आधी ‘अकार्यक्षम’ हा शब्द बसला. १३ तारखेच्या सकाळी आणखी एक भर पडली. आधी ‘फेज आउट’ची गती वाढवायची होती, आता ‘फेज आउट’च्या दिशेने होणाऱ्या प्रयत्नांची गती वाढवायची होती. सायंकाळी शेवटचा बदल झाला आणि कोळशापुरता ‘आउट’चा ‘डाउन’ झाला.

या चार पायऱ्या एकाखाली एक ठेवून वाचल्या म्हणजे जाणवते की माफी आणि अश्रू चौथ्या पायरीला मिळाले, परंतु तिसरी पायरीही लहान नव्हती. एखाद्या गोष्टीची गती वाढवणे आणि त्या गोष्टीच्या दिशेने चाललेल्या प्रयत्नांची गती वाढवणे यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात निष्पत्ती मोजली जाते. दुसऱ्यात प्रयत्न दाखवता आले की वचन पाळले असे म्हणता येते. ‘घर बांधायला घाई करा’ आणि ‘घर बांधण्याच्या दृष्टीने चाललेल्या प्रयत्नांना वेग द्या’ ही दोन वाक्ये कोणत्याही मराठी माणसाला एकच वाटणार नाहीत. सभागृहातील सर्वांच्या नजरा एका ठळक शब्दावर खिळल्या असताना, त्याच्या आधी येऊन बसलेल्या ‘एफर्ट्स टोवर्ड्स’ या दोन शब्दांनी क्रियापदाचा बराचसा जोर आधीच काढून घेतला होता.

अंतिम वाक्यात एक गोष्ट भाषेच्या अभ्यासकाच्या हाती पुरावा म्हणून येते. कोळसा-विजेसाठी ‘फेज डाउन’ आणि अकार्यक्षम अनुदानांसाठी ‘फेज आउट’ अशी दोन्ही रूपे त्या एकाच वाक्यात शेजारीशेजारी आहेत. ती शेजारी नसती तर हे दोन प्रयोग पर्यायी आहेत असा युक्तिवाद एखाद्याने केला असता. एकाच वाक्यात लेखकाने दोन जवळचे शब्द योजले तर त्यांचा अर्थ वेगळा धरावा, हा करार वाचण्याचा जुना आणि शहाणा दंडक आहे. येथे तो थेट लागू पडतो.

मग ‘डाउन’ने नेमके काय गेले? अमेरिकेचे दूत जॉन केरी यांचे म्हणणे असे होते की कोळसा संपवायचा असेल तर आधी तो कमी करावाच लागतो. हे खरे आहे, पण ते एकाच दिशेने खरे आहे. जे टप्प्याटप्प्याने बंद होते ते वाटेत कमी होतेच. जे टप्प्याटप्प्याने कमी होते ते बंद होईलच असे नाही. ‘आउट’मध्ये ‘डाउन’ सामावलेला असतो, ‘डाउन’मध्ये ‘आउट’ सामावलेला नसतो. शिवाय किगालीत ‘फेज डाउन’च्या पाठीशी ८५ टक्के आणि २०४७ असे आकडे उभे होते, ग्लासगोत त्याच्या पाठीशी ना टक्का होता ना वर्ष. तारीख नसलेला ‘आउट’ निदान शेवटचा आकडा तरी सांगतो: शून्य. आकडा नसलेला ‘डाउन’ काहीच सांगत नाही. अक्षरशः वाचल्यास अगदी थोडी घटही त्यात बसते. माझ्या दृष्टीने त्या रात्रीचे खरे नुकसान हे होते.

यावरून भारताची भूमिका अप्रामाणिक होती असा निष्कर्ष मात्र मी काढणार नाही. विकास आणि दारिद्र्यनिर्मूलन ही कामे अजून समोर असताना विकसनशील देश कोळसा आणि इंधन-अनुदाने बंद करण्याचे वचन कसे देऊ शकतील, असा प्रश्न यादव यांनी विचारला होता. स्वयंपाकाच्या गॅसवरील अनुदानामुळे गरीब घरांतील चुलीचा धूर कमी झाल्याचे उदाहरणही त्यांनी दिले होते. भारताची त्या वेळची सुमारे ७० टक्के वीज कोळशातून येत होती. जे वचन पाळता येईल की नाही याची खात्री नाही ते न देणे, आणि त्यासाठी नेमके वेगळे क्रियापद मागणे, यात भाषेचा आदरच आहे. तेल आणि वायू यांच्याविषयी तो परिच्छेद गप्प होता आणि फक्त कोळशाचे नाव घेत होता, हेही विसरता येत नाही. पुढच्या वर्षीच्या हवामान परिषदेत, इजिप्तमधील शर्म अल-शेख येथे, भारताने सर्वच जीवाश्म इंधनांसाठी ‘फेज डाउन’ लावावे अशी सूचना केली; तिला अनेक देशांचा पाठिंबा मिळाला, पण ती ठरावात आली नाही.

मराठीत हे सारे आणताना पहिला धोका ‘टप्प्याटप्प्याने’ या शब्दाचा आहे. तो लांब आणि ठसठशीत आहे, त्यामुळे वाचकाचे लक्ष रीतीकडे जाते आणि शेवट झाकला जातो. ‘टप्प्याटप्प्याने कमी करणे’ हे भाषांतर दोन्ही प्रयोगांसाठी सहज हातातून उतरते, आणि तसे झाले की ग्लासगोत भांडण कशावरून झाले हे मराठी वाचकाला कळण्याची सोयच उरत नाही. उलट ‘हद्दपार करणे’ किंवा ‘बंद करून टाकणे’ असे लिहिले तर शेवट ठसतो, पण सावकाशी नाहीशी होते.

इंग्रजी जे काम ‘आउट’ आणि ‘डाउन’ यांच्याकडून करून घेते ते मराठी आपल्या सहायक क्रियापदांकडून करून घेते, आणि उत्तर तेथेच सापडते. ‘कमी करत जाणे’ यात घट चालू राहते, पण ती कोठे थांबेल हे सांगितलेले नसते. ‘कमी करत नेणे’ म्हटले की ऐकणारा ‘कुठपर्यंत?’ असे विचारतो, कारण ‘नेणे’ला मुक्कामाची अपेक्षा असते. ‘संपवत आणणे’, ‘बंद करत आणणे’ यांत शेवट जवळ येत असतो. ‘काम संपवत आणले आहे’ असे जो म्हणतो त्याच्या समोर कामाचा शेवट दिसत असतो. म्हणून ग्लासगोतील ‘फेज डाउन’साठी ‘टप्प्याटप्प्याने कमी करत जाणे’ हे मला सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण मुक्काम न सांगण्याचा मूळ पाठाचा गुण, किंवा दोष, त्यात जसाच्या तसा राहतो. ‘फेज आउट’साठी ‘टप्प्याटप्प्याने बंद करत आणणे’ किंवा, कायदेशीर काटेकोरपणा हवा असेल तेथे, ‘टप्प्याटप्प्याने पूर्णतः बंद करणे’ असे लिहावे. किगालीतील ‘फेज डाउन’ला मात्र मुक्काम आहे, तेव्हा तेथे ‘१५ टक्क्यांपर्यंत खाली आणणे’ असे लिहिले पाहिजे. इंग्रजी शब्द एकच असला तरी मराठी क्रियापद दोन ठिकाणी एकच चालणार नाही.

याच परिषदांच्या इतिहासात क्रियापदाच्या एका रूपावरून असाच पेच आधी पॅरिसमध्ये पडला होता. १२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिस हवामान कराराच्या कलम ४ मधील चौथ्या परिच्छेदात विकसित देशांच्या जबाबदारीपुढे ‘शॅल’ छापून आले होते. अमेरिकेला ‘शूड’ हवे होते, कारण ‘शॅल’मुळे बंधन निर्माण होऊन करार सिनेटपुढे न्यावा लागण्याचा प्रसंग आला असता. शेवटी ती छपाईची चूक मानून ‘शूड’ असे दुरुस्त केल्याचे वाचून दाखवण्यात आले. मराठी कायद्यांच्या भाषेत हा भेद टिकवण्याची सोय आहे: ‘शॅल’ला ‘करील’, ‘करतील’ आणि ‘शूड’ला ‘करावे’. दुर्दैवाने वृत्तलेखनात दोन्हींसाठी ‘करावे’ लिहिण्याची सवय आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये दुबईत ‘आउट’ आणि ‘डाउन’ यांचा वाद सर्व जीवाश्म इंधनांपर्यंत पोहोचला. शंभराहून अधिक देशांना ‘फेज आउट’ हवे होते, तेल उत्पादक देशांना ते मुळीच मान्य नव्हते. १३ डिसेंबरच्या ठरावात दोन्ही शब्द बाजूला ठेवून तिसरेच क्रियापद आले: ‘ट्रान्झिशन अवे फ्रॉम’. कोळसा-विजेसाठी मात्र ग्लासगोचे ‘फेज डाउन’ त्याच्या ‘प्रयत्नां’सह कायम राहिले. ‘अवे फ्रॉम’ ही रचना लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. ती निघण्याची जागा सांगते आणि दिशा सांगते, पण ना किती हे सांगते ना कुठपर्यंत हे सांगते. ग्लासगोच्या वाक्यात कमी उत्सर्जनाच्या ऊर्जाव्यवस्थांकडे जाण्यासाठी ‘ट्रान्झिशन टोवर्ड्स’ होते. तेथे निदान कोणीकडे हे कळत होते. दुबईत तोंड फिरले, पाठ कोणाकडे ते ठरले, समोर काय आहे ते क्रियापदाने सांगितले नाही. शिवाय ‘ऊर्जाव्यवस्थांमध्ये’ अशी मर्यादा घातल्यामुळे प्लास्टिकसारख्या वस्तूंसाठी कच्चा माल म्हणून होणारा तेलाचा वापर या वाक्याच्या बाहेर राहतो.

मराठीत याचे ‘जीवाश्म इंधनांकडून स्वच्छ ऊर्जेकडे वळणे’ असे भाषांतर करण्याचा मोह होतो, कारण आपल्या ‘वळणे’ला ‘कडे’ लागल्याशिवाय वाक्य पुरे झाल्यासारखे वाटत नाही. तसे केले की भाषांतरकार मूळ वाक्यात नसलेला मुक्काम पदरचा घालतो आणि ठराव आहे त्याहून अधिक ठाम दिसू लागतो. ‘जीवाश्म इंधनांपासून दूर होत जाणे’ हे जरा अपुरे वाटते. परंतु मूळ वाक्यही तितकेच अपुरे आहे, आणि तो अपुरेपणा वाचकापर्यंत पोहोचवणे हेच येथे भाषांतराचे काम आहे.

हा काटेकोरपणा ज्यांच्यासाठी हवा ते वाचक दूरचे नाहीत. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉट क्षमतेचे आहे, आणि वणीपासून चंद्रपूरपर्यंतच्या खाणपट्ट्यात कितीतरी घरांची चूल कोळशावर चालते. ‘बंद करत आणणार’ आणि ‘कमी करत जाणार’ यांतील फरक तेथील कामगाराला व्याकरण म्हणून शिकवावा लागत नाही. त्याच्या मुलाला त्याच कामावर नोकरी मिळेल की नाही, आणि खाणीशेजारच्या गावात धूळ किती वर्षे उडत राहील, हे दोन्ही प्रश्न त्या फरकात आहेत. त्याच्या हाती ग्लासगोचे ते वाक्य द्यायचे झाले तर मी ते असे देईन: ‘कर्बवायू अडवण्याची व्यवस्था नसलेली कोळसा-वीज टप्प्याटप्प्याने कमी करत जाण्याच्या आणि जीवाश्म इंधनांवरील अकार्यक्षम अनुदाने टप्प्याटप्प्याने पूर्णतः बंद करण्याच्या दिशेने चाललेल्या प्रयत्नांची गती, सर्वांत गरीब आणि दुर्बळ घटकांना नेमकी मदत देत, देशांनी आपापल्या परिस्थितीनुसार वाढवावी.’ हे वाक्य लांब आहे आणि त्याचे क्रियापद फार उशिरा येते, पण ‘कमी करत जाण्याच्या’ आणि ‘पूर्णतः बंद करण्याच्या’ हे दोन शब्दसमूह त्यात एकमेकांसमोर उभे आहेत, आणि मधला ‘प्रयत्नांची’ हा शब्द लपलेला नाही.